मुलाणीसाहेब आणि मशिनीची मराठी

अन्वर मुलाणी साहेबांना "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं तर ते लगेच उत्तर देत नसत. विचारणारा वाट बघत उभा राही आणि साहेब आतल्या आत काहीतरी तपासत राहत. मग म्हणत, "जेवण झालंय, आणि गुडघा दुखत न्हाय, आणि घरनं फोन आलेला न्हाय. मंजे बरं हाय."

यातली एक जरी गोष्ट जागेवर नसली तर ते बरं असल्याचं कबूल करत नसत. एकदा बॉयलरवरच्या कुणीतरी सहज विचारलं, तर साहेब म्हणाले, "सांगता येत न्हाय. घरचा फोन लागंना." विचारणाऱ्यानं ही गोष्ट कँटीनमध्ये नेली. दुपारपर्यंत तिथं ठरून गेलं की साहेबांच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. पाळी सुटल्यावर पंधरावीस माणसं मोटारसायकली काढून बावड्याला साहेबांच्या घरी पोचली. तिथं रजियाभाभी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. आलेल्या माणसांना काय बोलावं ते सुचेना, म्हणून ती मिरच्या पसरायला लागली. साहेब घरी आले तेव्हा निम्मा प्लांट त्यांच्या अंगणात उकिडवा बसलेला होता. साहेबांनी ते पाहिलं, विचार केला आणि भाभींना म्हणाले, "फोन उचलत जा."

आमचा दूध संघाचा प्लांट बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर. मी तिथल्या प्रयोगशाळेत होते. गावोगावचं दूध टँकरनं यायचं, त्यातलं फॅट किती, आंबटपणा किती, पाणी घातलंय का, हे बघायचं माझं काम. मुलाणीसाहेब इलेक्ट्रिकल आणि कंट्रोलचे प्रमुख. ठेंगणे, रुंद, अर्ध्या बाहीचा सफारी, चष्मा दोरीनं गळ्यात आणि वरच्या खिशात टेस्टर. तो टेस्टर लग्नातही असे. अंथुर्ण्याच्या एका लग्नात त्यांनी नवरानवरीच्या चांदीच्या रंगाच्या खुर्च्यांना बसण्याआधी टेस्टर लावून बघितला आणि त्यातला दिवा लागला. मांडवाच्या रोषणाईची कुठलीतरी वायर सोलली गेली होती. मांडववाला सापडेपर्यंत साहेबांनी कुणाला बसू दिलं नाही. मंडळींनी अर्धा आहेर उभ्याउभ्यानंच उरकला. त्या लग्नाच्या फोटोत सगळे घाईत असल्यासारखे दिसतात आणि कडेला साहेब खुर्चीवर पहारा देत उभे आहेत.

त्यांच्या लेखी जगात एकच पाप होतं, बायपास. म्हणजे मशिन एखाद्या अटीमुळे थांबलं असेल, तर ती अट पुरी करण्याऐवजी वायरचा तुकडा मारून मशिनला फसवायचं आणि पुढं ढकलायचं. चोरीचपाटीबद्दल ते थंड डोक्यानं बोलत, पण बायपासचं नाव निघालं की त्यांचे कान लाल होत.

हे मी त्यांच्या घरीच बघितलं. त्यांच्याकडे एक म्हैस होती. फाटक उघडं दिसलं की ती रस्त्याला लागायची. दुसऱ्या कुणी तिचं दावं आखूड केलं असतं. साहेबांनी मोडीत निघालेला एक कंट्रोलर, म्हणजे मशिनीला हुकूम देणारा डबा, दुरुस्त केला, फाटकाला मोटर बसवली आणि अट घातली की गोठ्याचा अडसर लागलेला असेल तरच फाटक उघडेल. वर्षभर ते उत्तम चाललं.

मग त्यांच्या नसीमला बघायला वडगाव निंबाळकरहून पाहुणे यायचे ठरले. नसीम शाळेत असताना माझ्याकडे रसायनशास्त्र विचारायला यायची, म्हणून भाभींनी मलाही बोलावलं होतं. पाहुणे येणार म्हणून सकाळी गोठ्याला चुना दिला होता, अडसराला निळा रंग मारून तो गच्चीवर वाळत टाकला होता आणि म्हैस भाभींच्या दिराच्या रानात नेऊन बांधली होती. जीप आली, पाहुणे उतरले, साहेबांनी बटण दाबलं. फाटक ढिम्म.

साहेब गजांपाशी गेले आणि आतून पाहुण्यांना कारण समजावून सांगू लागले. पाहुणे उन्हात उभे राहून मन लावून ऐकत होते. मुलाचे वडील निवृत्त मास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हैस आत्ता कुठं आहे?"

"रानात हाय."

"मग ती पळणार कशी?"

"ते खरं हाय," साहेब म्हणाले. "पण कंट्रोलरला अडसर ठाऊक हाय. म्हैस ठाऊक न्हाय."

अडसर आणायला कुणी गच्चीवर गेलं, पण रंग ओला होता आणि ओला अडसर लावायला साहेब तयार होईनात. तेवढ्यात मुलगा, समीर, नवीन शर्टाच्या बाह्या सारून भिंतीवर चढला, आत उडी मारली आणि मोटरीचा खटका हातानं मागं ओढून फाटक ढकललं. पाहुणे हसले. जीपच्या ड्रायव्हरनं टाळी वाजवली. साहेबांचे कान लाल झाले.

शिरा झाला, चहा झाला, नसीम येऊन बसली, दोघं एकमेकांकडे बघून हसलीसुद्धा. साहेब शिऱ्याची बशी तशीच ठेवून उठले. मग आत स्वयंपाकघरात येऊन भाभींना म्हणाले, हे स्थळ नको.

"का? काय वंगाळ हाय पोरात?"

"पोरगा बायपास मारतोय."

भाभींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "पाव्हणं उन्हात उभं केलं ते तुमच्या फाटकानं. ते चालतं व्हय?"

"फाटक बरोबर हाय. अट चुकली."

"मग अट कुणी घातली?"

 साहेबांनी बाहेर जाऊन स्थळ पसंत असल्याचं सांगितलं, मात्र बुजुर्गांसमोर समीरकडून एक शब्द घेतला, की पुन्हा असं झालं तर तो भिंतीवर न चढता बाहेरून हाक मारील आणि अट पुरी होईपर्यंत थांबेल. मास्तरांना वाटलं, यात काहीतरी खोल अर्थ आहे. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. लग्न झालं. साहेबांनी अटही सुधारली. म्हैस आत आहे की बाहेर हे कंट्रोलरला कळावं म्हणून त्यांनी म्हशीच्या गळ्यात चुंबक बांधला. तेव्हापासून ती रानातून येताना गळ्याला खिळे, पत्र्याचे तुकडे आणि एकदा कुणाचा तरी चमचा चिकटवून आणायची.

आता मशिनीच्या मराठीचं सांगते.

संघानं दूध पावडरीचा नवा विभाग काढायचं ठरवलं. मशिनरी एका कंपनीची, ती उभी करून द्यायला तिचा इंजिनिअर आला, सौंदरराजन. तमिळ, शिडशिडीत, कपाळाला रोज भस्म, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. भाकरी पुढं आली की ती कुठून मोडायला सुरुवात करावी याचा तो आधी अभ्यास करी. त्याचं आणि साहेबांचं पहिल्याच आठवड्यात बिनसलं, ते कंट्रोलरच्या भाषेवरून.

मला जेवढं समजलं ते असं. पंपानं कधी चालू व्हायचं, वाफ कधी सोडायची, टाकी भरली की काय करायचं, हे सगळं कंट्रोलरला आधी लिहून द्यावं लागतं. ते लिहायच्या दोनतीन रीती आहेत. एकीला लॅडर म्हणतात, म्हणजे शिडी. दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये पायऱ्या. प्रत्येक पायरीवर अटी ओळीनं मांडलेल्या. अट पुरी झाली की स्क्रीनवर तेवढा भाग हिरवा होतो. सगळी पायरी हिरवी झाली की पंप चालतो. कुठं अडलंय ते समोर उभ्या माणसाला दिसतं. दुसरी रीत मजकुराची. पत्रात लिहितो तशा ओळी लिहायच्या. थोडक्यात काम होतं, पण वाचणाऱ्याला ती भाषा आली पाहिजे. सौंदरराजनला मजकूर हवा होता. साहेबांना शिडीच हवी होती. हे भांडण इंग्रजीत चाललं, आणि दोघांचंही इंग्रजी भांडणाला पुरेसं नसल्यामुळे ते फार सभ्यपणानं चाललं.

साहेब इतके का अडून बसलेत, असं मी एकदा विचारलं.  ते म्हणाले की पहिल्या नोकरीत, एका कागद गिरणीत, असंच मजकुराचं मशिन होतं. एकदा ते थांबलं. का थांबलं हे तिथं कुणालाच वाचता येईना. लिहिणारा इंजिनिअर फोनवर सापडेना. वरून घाई होती, म्हणून फोरमननं वायर मारली. पट्टा सुरू झाला तेव्हा आत साहेबांच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाचा हात होता.

"मशिन थांबलं, त्याचं काय न्हाय मॅडम," ते म्हणाले. "थांबायलाच पायजे होतं. का थांबलं ते वाचता येईना, त्यानं घात केला."



सौंदरराजन ऐकेना, तेव्हा साहेबांनी ठरवलं की संचालक मंडळाचा ठराव घ्यायचा. एकदा ठराव झाला की कंपनीला वाकावंच लागेल. त्यांनी स्वतःच्या हातानं विषय लिहून दिला: नवीन विभागाच्या कंट्रोलरची भाषा ठरविणे. पुढचा विषय प्रयोगशाळेचा होता, म्हणून मीही मागं खुर्चीवर बसलेली होते.

संचालकांत अंथुर्ण्याचे घोगरे आबा होते. ज्यावर आबांचं मत नाही असा विषय तालुक्यात नव्हता. अध्यक्षांनी विषय वाचला आणि आबांनी टोपी सारखी केली.

"आता कुठली भाषा हाय मशिनीची?"

"अजून ठरायची हाय आबा," साहेब म्हणाले. "दोन पर्याय हायेत."

"त्यात मराठी हाय का?"

साहेबांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "न्हाय."

 आबा हळू आवाजात म्हणाले, "गाई आमच्या, म्हशी आमच्या, वैरण आमची. आन् मशिन परक्याचं बोलणार."

साहेबांनी घाईघाईनं समजावलं की प्रश्न तसा नाही, त्यांना लॅडर हवी आहे, लॅडर म्हणजे शिडी. त्यावर बारामतीकडचे एक संचालक म्हणाले की टाकीवर चढायची शिडी मागच्याच सभेत मंजूर झालीय, परत कशाला? मग ती शिडी कुठं गेली यावर बोलणं सुरू झालं आणि ती एका संचालकांच्या घरी माडीच्या रंगकामाला गेल्याचं निघालं. ते मिटवण्यात बराच वेळ गेला. मूळ विषयावर परत आल्यावर कुणालाच जास्त बोलायची इच्छा उरली नव्हती. कंट्रोलरची भाषा मराठी राहील, असं ठरलं. बारामतीकडच्या संचालकांनी दुरुस्ती सुचवली, शुद्ध मराठी.

आबा उभे राहिले. "शुद्ध मंजे? आमची काय भेसळीची हाय?"

दूध संघाच्या सभेत हा शब्द कुणी असा उच्चारत नाही. अध्यक्ष लगेच पाणी प्यायले आणि त्यांनी सांगितलं की सभासदांना समजेल अशी मराठी, असा ठराव झाला आहे.

मला वाटलं, साहेब आता डोकं धरून बसतील. ते बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठराव झाला मॅडम. आता ती अट हाय."

ठरावाला बायपास मारणं त्यांच्या मनातसुद्धा येऊ शकत नव्हतं. ते कामाला लागले. कंट्रोलरमध्ये प्रत्येक पंपाला, टाकीला, खटक्याला एक नाव द्यावं लागतं. कंपनीची नावं इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची होती. साहेबांनी ती सगळी काढून दूधआलं, टाकीभरली, वाफहाय, पाणीन्हाय अशी नावं घातली. कंट्रोलर देवनागरी घेत नव्हता, म्हणून आत ती इंग्रजी लिपीत लिहिली, पण स्क्रीनवर अस्सल मराठीत यायची. सभासदांना समजलं पाहिजे म्हणजे ते दिसलं पाहिजे, सबब शिडी, असा ठरावाचा अर्थही त्यांनीच लावला. सौंदरराजननं कंपनीला फोन केला. कंपनीनं सांगितलं, गिऱ्हाईक म्हणेल तसं कर.

मग मशिनी बोलायला लागल्या आणि नवी अडचण आली. दूध नीट तापलं नाही तर ते आपोआप मागं फिरतं. त्या वेळी स्क्रीननं सांगायचं, दूध तापलं न्हाय, परत फिरवतोय. की फिरवतीय? साहेबांनी सगळ्या फिटर, ऑपरेटरांना बोलावून प्रत्येक मशिनीचं लिंग ठरवलं. पंप तो, टाकी ती, यावर एकमत झालं. सेपरेटरवर दुपार गेली. काहींचं म्हणणं तो, कारण फार आवाज करतो. काहींचं ती, कारण मलई वेगळी काढते. शेवटी साहेबांनी सेपरेटरला ते केलं, आणि स्क्रीनवर 'सेपरेटर दमलं हाय' असं यायला लागलं.

हे सगळं सौंदरराजनला स्वतः टाईप करावं लागत होतं. दिवसभर तेच शब्द डोळ्यांसमोर. तो मराठी शिकला तो असा, आणि त्याच्याइतकी अचूक मराठी मी दुसऱ्या कुणाची ऐकली नाही. तो कँटीनच्या मावशींसमोर रिकामा कप धरून म्हणायचा, "पातळी कमी. भरा." बसमध्ये गर्दी झाली की कंडक्टरला सांगायचा, "गाडी भरली हाय. दार बंद करतोय." आणि खरोखर दार बंद करायचा. एकदा सकाळी तो खोलीतून आलाच नाही. मावशी बघायला गेल्या तर पांघरूण घेऊन पडला होता. म्हणाला, "तापमान जास्त. थांबतोय." मावशींचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला पेज करून पाजली आणि तो उठून बसला तेव्हा विचारलं, आता कसं वाटतंय? त्यानं साहेबांसारखाच थोडा विचार केला आणि म्हणाला, "अडचण न्हाय."

आणि मग मलईच्या सूत्राचा तो दिवस आला.

गाईचं दूध वेगळं, म्हशीचं वेगळं. दोन्ही एकत्र केल्यावर त्यातून किती मलई काढायची म्हणजे फॅट बरोबर बसेल, याचं एक सूत्र असतं. मी ते साहेबांना थोडक्यात लिहून दिलं होतं. सौंदरराजन म्हणाला, एवढं तरी मजकुरात लिहू. साहेब नाही म्हणाले. त्यांनी ते शिडीत बसवलं. एक गुणाकार, एक पायरी. एक वजाबाकी, एक पायरी. आकडा मोठा झाला की आणखी पायऱ्या. तपासायला म्हणून त्यांनी ते छापून काढलं, कागद चिकटपट्टीनं जोडले, आणि ती शिडी माझ्या प्रयोगशाळेच्या दारापासून बॉयलरच्या दारापर्यंत बोळभर पसरली. माणसं भिंतीला पाठ घासत कडेनं जायची. घोगरे आबा फेरीला आले तेव्हा त्यांनी चप्पल काढून हातात घेतली आणि विचारलं, "कोण पाव्हणं यायचंत?"

नव्या विभागात पहिल्यांदा दूध सोडलं तेव्हा बाहेर टँकर उभे होते. ऊन कडक होतं. सगळे स्क्रीनसमोर जमले. पायऱ्या एकेक करून हिरव्या झाल्या, सेपरेटर घुमायला लागलं, आणि मग ते थांबलं. स्क्रीनवर आलं, 'मलई दुधापेक्षा जास्त हाय.'

आबांना आधी ते आवडलं. त्यांनी शेजाऱ्याला सांगितलंही, की आपल्या भागातलं दूध आहेच तसं. मग त्यांना कळलं की मशिन पुढं जात नाहीये. सूत्रात कुठंतरी चूक होती आणि ती त्या बोळभर लांब शिडीत होती. साहेब गुडघ्यावर बसले. लाल पेन घेऊन ते कागदावरून रांगत निघाले, प्रत्येक पायरी पुटपुटत. मी दर थोड्या वेळानं टँकरमधलं दूध काढून आंबटपणा बघत होते. तो चढत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. कुणीतरी म्हणालं, आजच्या दिवस हातानं मलई काढू, ती अट सोडवून टाका. साहेबांनी खालूनच मान वर करून बघितलं, आणि तो माणूस मागं सरला.

सौंदरराजन लॅपटॉप हातावर घेऊन त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. त्यानं तेच सूत्र मजकुराच्या दोनचार ओळींत लिहिलं होतं. कंट्रोलरमध्ये टाकायला त्याला एक बटण दाबायचं होतं. त्यानं ते दाबलं नाही.

"साहेब," तो म्हणाला. "परवानगी न्हाय. थांबतोय."

साहेब जमिनीवरच बसले. चष्मा लावला. वाचलं, परत वाचलं. "हे तर मॅडमनी लिवून दिलंय तेच हाय."

"होय."

साहेबांनी लॅपटॉप हातात घेतला आणि उठताना गुडघ्याला कळ आली तरी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी भानुदास फिटरला बोलावलं. भानुदास आठवी शिकलेला. त्याला म्हणाले, वाच. भानुदासनं इंग्रजी अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं. मलई बरोबर गाईचं दूध गुणिले गाईचं फॅट, अधिक म्हशीचं दूध, असं करत तो शेवटपर्यंत गेला. आणि म्हणाला, "मंजे साहेब, दोन्ही दुधाचं फॅट मिळवायचं आन् पायजे तेवढं ठेवून बाकीचं काढायचं."

"आणि मशिन हितं थांबलं तर का थांबलं ते सांगशील?"

भानुदासनं ओळींवर बोट फिरवलं. "मलई दुधापेक्षा जास्त आली तर थांबंल. हितं लिवलंय की."

साहेबांनी मावशींना बोलावलं. त्यांनाही वाचायला लावलं. मावशींनी निम्मंच वाचलं, पण निम्मंही बरोबर सांगितलं. मग त्यांनी आबांकडे बघितलं, पण आबा टँकरकडे काहीतरी बघायला निघून गेले होते. साहेबांनी लॅपटॉप सौंदरराजनच्या हातात दिला आणि म्हणाले, "चालू कर."

सेपरेटर घुमलं. मलई निघाली. मी फॅट तपासलं, ते बरोबर होतं. टँकर एकामागून एक रिकामे झाले. दूध वाचलं. साहेबांच्या शिडीतली चूक नंतर सापडली, एका पायरीवर त्यांनी म्हशीच्या जागी गाय घातली होती. हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना बोलावून दाखवलं. मावशींनी ते कागद गुंडाळून नेले आणि पाठकोरी बाजू वर करून कँटीनच्या फळ्यांवर अंथरले.

तेव्हापासून साहेबांचा नियम ठरला, "हलतंय ते शिडीत, मोजायचं ते ओळीत." कंट्रोल रूमच्या भिंतीवर त्यांनी तो रंगवून घेतला. सौंदरराजनला विचारलं, मान्य आहे का? तो म्हणाला, "जुळलं हाय."

काम संपल्यावर तो गुजरातेत दुसऱ्या प्लांटवर गेला. घाईत असेल किंवा सवयीनं असेल, त्यानं तिथंही आमचीच नावं घातली. महिन्याभरानं साहेबांना तिकडच्या एका अनोळखी ऑपरेटरचा फोन आला. मशिन थांबलं होतं आणि स्क्रीनवर 'पाणीन्हाय' असा एक शब्द होता, त्याचा अर्थ त्याला हवा होता. साहेबांनी फोन कानाला लावून, डोळे मिटून, मोठ्या शांतपणानं सांगितलं, "न्हाय मंजे न्हाय, भाई. नही. पानी नही है. पानी छोडो." पलीकडं पाणी सोडलं गेलं असावं, कारण साहेब फोन ठेवताना खूष दिसले.

साहेब निवृत्त झाले तेव्हा आवारात मांडव घातला होता. अध्यक्ष बोलले, आबा बोलले. आबांनी सांगितलं की मशिनीला मराठी शिकवावी ही कल्पना मुळात आपली. साहेबांना शाल दिली, नारळ दिला. पुढचं भाषण अर्ध्यात असताना मी बघितलं तर त्यांची खुर्ची रिकामी होती.

ते मला कंट्रोल रूममध्ये सापडले. शाल अंगावर, नारळ काखेत. नवा विभाग त्या वेळी धुण्याच्या पाण्यावर चालला होता, दूध आत नव्हतं. हे त्यांनी आधी पक्कं करून घेतलं असणार. माझ्यादेखत त्यांनी लाल बटण दाबलं आणि सगळं थांबलं. पाळीवरचे ऑपरेटर धावत आले. त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब छताकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, काय झालं? साहेब बोलले नाहीत. भानुदास पुढं झाला, स्क्रीनवर बोट फिरवत पायऱ्या बघत गेला, एक जण ओळी वाचू लागला, दोघांची थोडी जुंपली. मग त्यांनी लाल बटण फिरवून सोडलं, टाकीची पातळी बघितली, पाण्याची झडप उघडली, एकेक पायरी हिरवी होऊ दिली. पंप सुरू झाला. मांडवातून टाळ्यांचा आवाज आला, पण त्या भाषणासाठी होत्या.

साहेबांनी कुणाला शाबासकी दिली नाही. नारळ या काखेतून त्या काखेत घेतला आणि चालू लागले. मांडवाकडे न वळता ते सरळ गेटकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. गेटवर नवीन वॉचमन होता. त्यानं साहेबांना अडवलं आणि नारळाकडे बोट दाखवलं. आवारातून कुठलीही वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो, आणि नारळाचा पास नव्हता.

मी जाऊन सांगायला हवं होतं, की अरे, यांना सोड, आजचा सत्कार यांचाच. पण साहेबांनी वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला होता. मग ते बाजूला झाले आणि केबिनच्या सावलीत उभे राहिले. पास द्यायचा तो माणूस मांडवात भाषण ऐकत होता. शाल पांघरून, दोन्ही हातांत नारळ धरून साहेब त्याची वाट बघत राहिले, आणि इतक्या लांबूनही मला दिसत होतं की त्यांचं सगळं बरं चाललंय.